तोड

दशलक्षण पर्वात लेकी-सुना, पोरंबाळं घरी जमली, की सूर्यास्ताआधीची जेवणं आटोपून आमच्याकडे चौकाबारा मांडतात. फरशीवर खडूने आखलेला 25 घरांचा पट, 4 कवड्या, आणि सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे नाहीतर चिंचोके. बुद्धिबळ मला कधी जमलं नाही, पत्त्यांत मन रमत नाही. हा खेळ मात्र माहेरापासून जिवाचा. पैसा लावत नाही, म्हणजे सप्तव्यसनांतलं द्यूत नव्हे, एवढ्यावर माझं समाधान होतं.

या खेळाचा एक नियम आहे. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, म्हणजे तोड केल्याशिवाय, आपल्या सोंगटीला आतल्या घरांत जाता येत नाही. फुलीच्या घरात बसलेल्याला तेवढं अभय.

यंदा मी थोरल्या जावेची, अक्कांची सोंगटी मारली, तेव्हा आठ वर्षांची नात म्हणाली, "आज्जी, मुंगी दिसली तर तू पाय उचलतीस. मग अक्काआज्जीला मारताना हसतीस कशाला?"

"अगं, काचेचा तुकडा तो. त्यात कुठला जीव?" मी म्हणाले खरी, पण रात्री यशोधर राजा आठवला. सोमदेवसूरींनी 959 मध्ये ही कथा 'यशस्तिलका'त सांगितली, 1209 मध्ये जन्नाने कन्नडात. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि त्या संकल्पापायी मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. पिठात तरी कुठे जीव होता?

मग सोंगटी मारणं हीसुद्धा हिंसाच का? दुसऱ्या दिवशी आम्ही तोडीचा नियम काढून खेळून पाहिलं. दोन डावांत पोरं कंटाळली. शिवाय मला वाटतं, दोष नियमात नाहीच. नात सोंगटी मारते, ओरडते, आणि घटकाभरात त्याच बाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपते. तिच्या मनात काही उरत नाही.

माझ्या उरतं. त्या दिवशी नातीची सोंगटी दोन घरांवर होती, धाकट्या जावेची तीन घरांवर. दोन्ही दानं मला पडली होती. मी दोघींनाही सोडलं आणि पुढच्या दानाने अक्कांनाच गाठलं. बारा वर्षांपूर्वी चारचौघांत त्या माझ्या वडिलांविषयी एक वाक्य बोलल्या होत्या. वडील गेले, वाक्य राहिलं. तो बांगडीचा तुकडा माझा पिठाचा कोंबडा होता.

क्षमावाणीला आपण भेटेल त्याला हात जोडतो. त्या घाऊक क्षमेत अक्काही आल्याच, असं मी इतकी वर्षं धरून चालले. यंदा स्वयंपाकघरात जाऊन वेगळं म्हणाले, "अक्का, पटावर मी तुम्हालाच शोधून मारते. ते खेळातलं नसतं."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. मी तरी दुसऱ्या कुणाची सोंगटी बघते?" मग परातीतले अर्धे तांदूळ माझ्यापुढे सारले.

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. पट आखतो, तोडही करतो. पण कवड्या टाकण्याआधी एकदा स्वतःला विचारते: वाटेत आलेली सोंगटी मारतेय, की वाट वाकडी करून शोधलेली? बायांनो, तुम्हीही पुढच्या डावात विचारून बघा.