कैफियतीचा हक्क

१९०५ सालच्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांना दहा रुपये दंड होऊन वसतिगृह सोडावे लागले, ही हकीकत मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. ती सांगितली जाते स्वदेशीच्या इतिहासात. शिस्तीच्या इतिहासातही तिला स्थान आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. दंड फर्मावणारे प्राचार्य रँग्लर परांजपे हे सरकारचे खुशमस्करे खासच नव्हते. केंब्रिजच्या गणित-परीक्षेत अव्वल येऊनही पुण्यास परतून अध्यापनाचे व्रत पत्करणारा हा पुरुष वृत्तीने बुद्धिवादी व मताने नेमस्त उदारमतवादी होता. परंतु विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या आवाराबाहेर केलेल्या राजकीय कृत्याबद्दल त्यास शासन करण्याचा अधिकार प्राचार्यास कोणत्या कलमान्वये प्राप्त होतो, असा प्रश्न त्या काळी उदारमतवाद्यांनाही फारसा पडत नसे. त्याच सुमारास बंगालमध्ये निघालेल्या कार्लाइल परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकारणापासून दूर न ठेवणाऱ्या शाळा-महाविद्यालयांची अनुदाने व शिष्यवृत्त्या बंद करण्याची धमकी दिली होती. तिचा हेतू उघड होता आणि म्हणूनच तिचा निषेध करणे सोपे होते. सज्जन प्राचार्याच्या हुकमाचा निषेध करणे कठीण, कारण त्यामागे वडीलकीची भावना असते.

ही वडीलकीच आपल्या विद्यापीठीय शिस्तीचा पाया होती, व पुष्कळ अंशी आजही आहे. प्राचार्य पित्याच्या जागी आणि वडिलांच्या हुकमाविरुद्ध दाद मागायची नसते, हा संकेत गुरुगृहाच्या स्मृतीतून जितका आला तितकाच इंग्रजी महाविद्यालयांच्या शिरस्त्यातूनही आला. या व्यवस्थेत माया नव्हती असे कोण म्हणेल? दंड करून संध्याकाळी त्याच मुलाची फी स्वतःच्या खिशातून भरणारे गुरुजन आपल्याकडे होऊन गेले. परंतु मायेवर चालणाऱ्या अंमलाचा एक दोष असा की, आरोपी आणि पीडित या दोघांनाही त्याच्यापुढे याचकच व्हावे लागते. मुलास हाकलून द्यायचे झाले तर कारण सांगण्याची गरज नसते; आणि घरातल्या घरात कोणी कोणाला छळले, तर घराची अब्रू राखण्यासाठी ते झाकून टाकण्याची प्रवृत्ती बळावते. कठोरपणा आणि बेपर्वाई अशा रीतीने एकाच ठिकाणी नांदतात, आणि ज्याला शिस्तीचा अतिरेक म्हणून आपण नावे ठेवतो तो पुष्कळदा संरक्षणाच्या अभावाचा जुळा भाऊ असतो.

न्यायालये या प्रश्नात उशिरानेच शिरली. अमेरिकेत अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे १९६० साली वर्णभेदाविरुद्ध उपाहारगृहात ठाण मांडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांच्या सरकारी महाविद्यालयाने नोटीस किंवा सुनावणी न देताच काढून टाकले. तेव्हा, सरकारी संस्थेस असे करता येणार नाही, असा निर्णय १९६१ मध्ये तेथील संघराज्याच्या अपील न्यायालयाने दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाविरुद्धच्या खटल्यात जवळपास तेच तत्त्व सांगितले: गैरप्रकाराच्या आरोपावरून परीक्षार्थीचा निकाल रद्द करावयाचा असेल तर, कायदा त्याविषयी मूक असला तरी, मंडळाने त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. पित्याच्या आसनावर बसलेल्या अधिकाऱ्यास न्यायाधीशाप्रमाणे वागण्याचे बंधन येथे प्रथम स्पष्ट शब्दांत घातले गेले. विद्यार्थ्याचे हक्क म्हणून आज ज्यांचा उच्चार होतो त्यांचे बीज या कैफियतीच्या हक्कात आहे, असे मला वाटते. बाकीचे बहुतेक त्याचा विस्तार होय.

परंतु ऐकून घ्यावयाचे म्हणजे कोणाचे, कोणासमोर आणि कसे? या प्रश्नाची खरी अडचण रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात दिसून आली. जून १९७२ मधील एका रात्री काही विद्यार्थी नग्नावस्थेत मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसले. छत्तीस मुलींनी प्राचार्यांकडे तक्रार केली, आणि तीन अध्यापकांच्या समितीने मुलींच्या जबान्या मुलांच्या गैरहजेरीत घेतल्या. ओळख पटवण्यासाठी संशयितांची छायाचित्रे इतरांच्या छायाचित्रांत मिसळून दाखविण्यात आली. मग मुलांना बोलावून, आरोप सांगून, त्यांचे म्हणणे नोंदवून घेण्यात आले, व त्यांना दोन वर्षांसाठी काढून टाकण्याचा निर्णय झाला. साक्षीदारांची उलटतपासणी आम्हांस करू दिली नाही, ही मुलांची फिर्याद १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. नैसर्गिक न्याय हा एकाच साच्यात ओतलेला नसतो. मुलांच्या समोर उभे राहून साक्ष देण्याची सक्ती केली असती तर मुली पुढे आल्याच नसत्या, आणि महाविद्यालयाच्या आवाराबाहेर त्यांचे रक्षण करणारे कोणी नव्हते, असा त्या निकालाचा आशय होता.

हा निकाल मला योग्य वाटतो. परंतु ज्या सहजतेने तो नंतर वापरला जाऊ शकतो ती मला अस्वस्थ करते. साक्षीदारास भयमुक्त ठेवणे निराळे, आणि आरोपीस आरोपाचा तपशीलच न कळवणे निराळे. रांचीच्या समितीने पहिले केले, दुसरे केले नाही. परंतु आपल्या महाविद्यालयांच्या दफ्तरांत ‘गोपनीय’ असा शेरा मारलेल्या किती लिफाफ्यांत ही सीमा पाळली जात असेल, याची खात्री कोण देईल? उलटतपासणी हे सत्यशोधनाचे एक साधन आहे, एकमेव नव्हे. लेखी प्रश्न समितीमार्फत विचारणे हेही साधनच आहे. ते वापरण्याचे कष्ट न घेता ‘मुलींच्या सुरक्षिततेसाठी’ एवढ्या सबबीवर सगळी चौकशीच गुंडाळली, की मुलींचीही फसवणूक होते, कारण असा निर्णय वरच्या न्यायालयात टिकत नाही.

रॅगिंगविरोधी नियमांत हीच गाठ आणखी घट्ट बसली आहे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ मध्ये कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये निर्देश दिले, राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात वरिष्ठांच्या मारहाणीने एका कोवळ्या मुलाचा जीव गेला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने सविस्तर नियम काढले. त्यात दरवर्षी विद्यार्थ्याने व पालकाने प्रतिज्ञापत्र द्यावे अशी तरतूद आहे, आणि अपराधी ओळखू न आल्यास संस्थेने सामूहिक शिक्षा करावी अशीही आहे. या दुसऱ्या तरतुदीमागील त्रागा समजण्याजोगा आहे. मौनाची फळी फोडण्यासाठी ती आणलेली आहे. पण जुन्या अंमलदारांनी गावावर बसवलेल्या सामुदायिक दंडाची आठवण करून देणारी ही युक्ती कैफियतीच्या हक्काच्या अगदी विरुद्ध टोकाला उभी आहे. प्रतिज्ञापत्रांविषयी तर काय बोलावे! मुचलका लिहून घेतला की बंदोबस्त झाला, ही समजूत कचेरीस शोभते, विद्यापीठास नव्हे.

वसतिगृहाच्या फाटकाशी हाच विचार निराळे रूप घेतो. मुलांना रात्री उशिरापर्यंत ग्रंथालय, मुलींना तिन्हीसांजेनंतर कुलूप, हा भेद सुरक्षिततेच्या नावाने अनेक ठिकाणी इतका अंगवळणी पडला होता की, २०१५ साली दिल्लीत ‘पिंजरा तोड’ या नावाने विद्यार्थिनी रस्त्यावर आल्या तेव्हा पुष्कळांना तो बंडखोरपणा वाटला. आयोगाच्या लैंगिक छळविरोधी नियमावलीने, जिच्या नावातच २०१५ हे वर्ष आहे, सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत असे स्वच्छ म्हटले आहे. रस्ता असुरक्षित असेल तर रस्त्यावर दिवे लावावेत. जिला भय आहे तिलाच कोंडणे ही वडीलकीची जुनी, आळशी तजवीज होय.

त्याच नियमावलीत अंतर्गत समितीविषयी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही: प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर समितीवर तीन विद्यार्थी असावेत, आणि ते लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. महाराष्ट्रात मात्र निवडणुकांतील हिंसेचे कारण देऊन १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तायादीवरून प्रतिनिधी नेमण्याची रीत घातली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची दारे पुन्हा उघडली, तरी प्रत्यक्ष मतदान वारंवार पुढे ढकलले गेले. मतदानाची सवयच मोडलेल्या आवारात समितीवरचे हे तीन विद्यार्थी कोण निवडणार? बहुधा विभागप्रमुख नावे सुचवतील आणि प्राचार्य त्यांवर मखलाशी करतील. मग एखाद्या मुलीस त्याच विभागातील अध्यापकाविरुद्ध तक्रार घेऊन त्या दालनात जायचे झाले, तर तिच्यासमोर बसलेले तिचे सहाध्यायी कोणाच्या शिफारशीने तेथे आले, हे तिला दार ढकलण्यापूर्वीच ठाऊक असेल.