केसपेपरवरचा रकाना

जून २०२५मध्ये प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी चपलेच्या घाटाची पादत्राणे मूळ स्थानाचा उल्लेख न करता सादर केली, तेव्हा उठलेल्या वादात २०१९च्या भौगोलिक मानांकनाचा, श्रेयाचा आणि किमतीचा पुष्कळ ऊहापोह झाला. परंतु ज्या मनगटाच्या जोरावर रापी चालते, आरी चामड्यात शिरते आणि वेणी घट्ट ओढली जाते, ते मनगट निकामी होऊ लागल्यावर त्यावर कसे उपचार होतात, हा प्रश्न त्या वादात बाजूलाच राहिला.

मनगटात हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेला जाड पट्टा यांच्यामधून एक अरुंद बोगदा जातो, व त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि एक मज्जातंतू अशी दाटी असते. या मज्जातंतूवर दाब आला की अंगठा, त्याशेजारची दोन बोटे आणि अनामिकेची एक बाजू बधिर होते, करंगळी वाचते आणि रात्री जाग येऊन हात झटकावा लागतो. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. कोणते बोट, कोणत्या वेळी, एवढे विचारून मनगट मिनिटभर वाकवून पाहिले, तरी मानेच्या मणक्याचे दुखणे समजून होणारी चुकीची औषधयोजना बरीच टळते.

ती मनगट वाकवण्याची चाचणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या क्लीव्हलँडच्या जॉर्ज फेलन यांचा आक्षेप येथे टाळून चालणार नाही. आपल्या रुग्णांत मध्यमवयीन स्त्रियाच बहुसंख्य आहेत, अंगमेहनतीचे कामगार थोडे आहेत, तेव्हा व्यवसाय हे या विकाराचे प्रमुख कारण नव्हे, असे त्यांचे मत होते. या युक्तिवादात घरकामाला कामच मानलेले नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पहाटे म्हशीची धार काढणारी, त्यानंतर भाकऱ्या थापणारी आणि दुपारी चपलेच्या वेण्या विणणारी स्त्री केसपेपरवर ‘गृहिणी’ म्हणून नोंदली गेली, तर तिच्या मनगटाचा इतिहास त्या एका शब्दाने पुसला जातो. १७०० साली इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी वैद्याने रुग्णाला त्याचा धंदा विचारावा असा आग्रह धरला होता, आणि तो आजही तितकाच निकडीचा आहे.

तरीही फेलन यांना पूर्णतः खोडून काढणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि गर्भारपण यांमुळेही हाच विकार जडतो, आणि कामावर सगळा दोष टाकून रक्ततपासणी न करणारा डॉक्टरही रुग्णाचे नुकसानच करतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१०च्या यादीत जोराचे व पुनरावृत्तीचे काम, कंपने आणि मनगटाची अवघड ठेवण यांमुळे होणारा हा विकार नावानिशी आहे, तर भारताच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातील रोगसूचीत तो नाही. साहजिकच सूचीत त्याची भर घालावी, ही मागणी प्रथम सुचते. ती योग्यच आहे, पण अपुरी आहे: कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत ग्राइंडर धरणाऱ्याला तिचा लाभ होईल, मात्र शहरातल्या सुभाषनगरात स्वतःच्या घरी चपला करणाऱ्या कारागिराला कायद्याच्या अर्थाने मालकच नसतो, मग तो भरपाई कोणाकडे मागणार?

म्हणून अशा माणसासाठी दवाखान्यातला विचारपूस करणारा डॉक्टरच पहिला आणि बहुधा एकमेव आधार उरतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी किंवा स्टिरॉइडचे इंजेक्शन सुरुवातीला आराम देते, परंतु दिवसभर तीच आरी त्याच जोराने दाबली जात असेल, तर तो आराम टिकण्याची आशा थोडी. शस्त्रक्रियेत तो जाड पट्टा कापून मज्जातंतू मोकळा करतात. ती छोटी असली, तरी नंतर काही आठवडे जोराचे काम बंद ठेवावे लागते, आणि जोडामागे मजुरी मिळवणारा कारागीर त्या आठवड्यांच्या धास्तीने ती पुढे ढकलतो. तोवर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजून सपाट होतो, आणि त्यानंतर मज्जातंतू मोकळा केला तरी पकड पूर्ववत होईलच असे नाही. व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ किंवा ‘गृहिणी’ या शब्दाऐवजी आरी, धार, ग्राइंडर आणि त्यापुढे दिवसाचे तास लिहिले गेले, तर पट्टीसोबत जाड मुठीची आरी आणि कामातली विश्रांतीही त्याच कागदावर लिहून देता येते, आणि तीही तो उंचवटा झिजण्याआधी.