खानेसुमारीतील समुदाय: जाती की उपाधी?

एखाद्या देशातील वांशिक समूहांचे प्रमाण कसे बदलत गेले, याचा अंदाज बांधताना लोकसंख्याशास्त्रज्ञ सामान्यतः एक साधे गणित मांडतात: मागील जनगणनेत समूहाची जी संख्या नोंदली गेली तीत नंतरचे जन्म आणि बाहेरून आलेले लोक मिळवायचे, मृत्यू आणि देश सोडून गेलेले लोक वजा करायचे. या गणितात एक तात्त्विक गृहीतक आहे, ते असे की माणूस ज्या समूहात जन्मतो त्याच समूहात तो आणि त्याची संतती राहते, म्हणजेच समूह मोजणीच्या आधीपासून सिद्ध असतो आणि मोजणारा केवळ त्याची नोंद घेतो. हे गृहीतक तपासण्यासाठी मॉरिशसइतके योग्य उदाहरण क्वचितच मिळेल, कारण त्या बेटावर मूळचे रहिवासी नव्हतेच आणि तेथील प्रत्येक घराणे समुद्रापलीकडून आलेले आहे.

1834 पासून पुढील सुमारे आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर, ज्यांना गिरमिटिया म्हणतात, भारतातून तेथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी लोकही होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदवह्यांत प्रत्येक मजुराला एक क्रमांक आहे आणि त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण असा तपशील आहे. माणसाची याहून बारीक नोंद ठेवणे अवघडच. तरीही या वह्यांवरून आजच्या समाजाची विभागणी निश्चित करता येत नाही, कारण त्या मजुरांच्या वंशजांनी स्वतःला पुढे काय म्हणवले, हे वहीत असणे शक्यच नव्हते. तेथील जनगणनेत धर्माच्या प्रश्नाला ‘मराठी’, ‘तमिळ’, ‘तेलुगू’ अशी उत्तरे येतात आणि ती स्वतंत्र गट म्हणून मोजली जातात. महाराष्ट्रातील वाचकाला मराठी हा धर्म वाटणार नाही. मॉरिशसमध्ये मात्र देवघर, सणवार आणि पूर्वजांची भाषा एकत्र गुंफली जाऊन ही ओळख घडली आहे, आणि ती खोटी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

देशाच्या राज्यघटनेने चार समुदाय मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी मॉरिशियन आणि, आपल्या जीवनपद्धतीवरून या तिघांपैकी कोणत्याही समुदायातला न दिसणारा प्रत्येक माणूस ज्यात धरला जातो, तो ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ हा चौथा. येथे पहिले दोन वर्ग धर्मावरून, तिसरा पूर्वजांच्या देशावरून आणि चौथा निव्वळ उरलेल्यांचा केलेला आहे. न्याय-वैशेषिक दर्शनाने अशा वर्गीकरणाचा विचार फार पूर्वी केला. त्या शास्त्रात जाती म्हणजे अनेक व्यक्तींत समवेत असणारा नित्य धर्म (येथे धर्म म्हणजे वैशिष्ट्य), उदाहरणार्थ गोत्व, म्हणजे गायपण. तर उपाधी म्हणजे व्यवहारासाठी बाहेरून लावलेला, उपयोगी परंतु नित्य नसलेला भेद. उदयनाचार्यांनी जातीला बाधा आणणारी जी कारणे सांगितली त्यांत संकर हे एक आहे: दोन धर्म एकमेकांवाचूनही आढळत असतील आणि एखाद्या ठिकाणी एकत्रही आढळत असतील, तर त्या दोहोंना जाती मानता येत नाही. पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांत भूतत्व (महाभूत असणे) व मूर्तत्व (परिमित आकार असणे) दोन्ही आहेत, आकाशात केवळ भूतत्व आणि मनात केवळ मूर्तत्व आहे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तमिळ वंशाचा कॅथलिक किंवा चिनी पिता आणि क्रिओल, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशातील, माता यांचे अपत्य यांच्या बाबतीत हाच संकर प्रत्यक्ष दिसतो. तेव्हा घटनेतील हे चार वर्ग उपाधी आहेत, आणि उपाधीचे मूल्य ती ज्या प्रयोजनासाठी लावली त्यावरून ठरते.

मॉरिशसमध्ये या उपाधीला जातीचे नित्यत्व दिले गेले. समुदायाचा प्रश्न शेवटचा विचारला गेला तो 1972 च्या जनगणनेत. पुढे तो वगळण्यात आला. मात्र पराभूत उमेदवारांपैकी कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समुदायांतील काहींना संसदेतील ज्या आठ अतिरिक्त जागा दिल्या जातात, त्यांचे वाटप त्याच जुन्या आकड्यांवर चालू राहिले. आपला समुदाय जाहीर न करणाऱ्यांचे उमेदवारी अर्ज फेटाळले गेले, तेव्हा प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले आणि 2012 मध्ये समितीने असे मत दिले की अद्ययावत आकड्यांचा आधार नसताना केलेली ही सक्ती मनमानी ठरते.

यावरून मोजणीच बंद करावी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या वर्गात आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आणि त्यांना राबवून घेणाऱ्या फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज एकाच रकान्यात बसवले गेले. परिणामी क्रिओल समाजाचे दारिद्र्य सरासरीत बुडून गेले, आणि गुलामगिरीच्या परिणामांची दखल घेण्यासाठी नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाचा अहवाल यायला 2011 साल उजाडावे लागले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना स्वतःचे नाव घेऊन उभे राहायचे असेल, तर राज्यसंस्थेने ते नाव नोंदवले पाहिजे, आणि एकाहून अधिक नावे सांगणाऱ्याची सर्व नावे नोंदवली पाहिजेत. तत्त्ववेत्ते इयन हॅकिंग यांनी दाखवून दिले आहे की माणसांचे वर्ग केले की माणसे त्या वर्गाप्रमाणे बदलतात आणि मग वर्गही बदलतो; म्हणून स्थलांतराच्या वह्या आणि जुनी जनगणना यांवरून काढलेला अंदाज इतिहास समजण्यापुरता ग्राह्य मानावा, जिवंत माणसाचा समुदाय ठरवण्यासाठी त्याच्या स्वतःच्या उत्तराखेरीज दुसरे प्रमाण मानू नये, आणि 1972 च्या आकड्यांवर होणारे जागावाटप रद्द करावे.