ताऱ्याने आणले, पण वाट विचारावी लागली



आज आपण प्रभुप्रकटनाचा सण, म्हणजे आपल्या बोलीतला तीन राजांचा सण साजरा करीत आहोत. पूर्वेकडील ज्ञानी लोक तारा पाहून निघाले आणि बाळ येशूच्या चरणी पोहोचले, ही कथा आपल्याला तोंडपाठ आहे. पण तिच्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. हे ज्ञानी लोक आधी चुकीच्या दारात गेले! राजा जन्मला म्हणजे तो राजधानीतच असणार, असे धरून ते यरुशलेमला पोहोचले. बेथलेहेम तिथून अवघे आठ-नऊ किलोमीटर. इतक्या दुरून आलेली माणसे शेवटच्या तीन कोसांवर अडली. तिथे त्यांना तोंड उघडून विचारावे लागले. शास्त्र्यांनी मीखा संदेष्ट्याचे वचन पाहून सांगितले, तेव्हा कुठे वाट कळली. ताऱ्याने त्यांना देशापर्यंत आणले. गावाचे नाव मात्र पवित्र शास्त्राने आणि माणसांनी सांगितले.

हे आम्हाला विशेष आठवते, त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री एका वस्तीवरून फोन आला. आजी अत्यवस्थ होत्या. आम्ही पवित्र तेल आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन निघालो. घरच्यांनी वस्तीचा ठिकाणा मोबाइलवर पाठवला होता. यंत्रातली बाई गोड आवाजात सांगत होती, आम्ही वळत होतो. तिने एका शिवरस्त्यावर घातले. काळी माती, वरून दिवसभराचा पाऊस. शंभर पावलांवर चाके रुतली. तेवढ्यात बाई म्हणाली, आपण पोहोचलात! समोर पाहिले तर नुसता ऊस. वस्तीचा दिवा दिसत होता, पण मध्ये पाण्याने भरलेली चारी. अखेर आजींचा नातू बॅटरी घेऊन, फरशीवरून वळसा घालून आला आणि आम्हाला घेऊन गेला. यात पाऊण तास गेला.

आजी शुद्धीवर होत्या. आम्हाला चिखलाने माखलेले पाहून हळूच म्हणाल्या, "फादर, टाकीपाशी कुणालाबी विचारायचं व्हतं." त्यांनी तैलाभ्यंग स्वीकारला, वाटेची शिदोरी म्हणून ख्रिस्तप्रसाद घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या प्रभूमध्ये झोपी गेल्या. पाण्याच्या टाकीपाशी त्या रात्री खरोखरच दोघे जण छत्री घेऊन उभे होते. आम्ही काचही खाली केली नाही. हातात यंत्र असताना विचारायचे कशाला, असे वाटले. त्या पाऊण तासाचा हिशेब आम्ही अजून मनात करतो.

विचारण्याने माणूस लहान होत नाही, हे खरे तर आपल्या पुणतांब्याला कुणी शिकवायला नको. गोदाकाठी चांगदेवांची समाधी आपल्याच गावात आहे. चौदाशे वर्षांचे योगी, वाघावर बसून आलेले, अशी त्यांची आख्यायिका सांगतात. त्या चांगदेवांनी शेवटी गुरू केले ते कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईंना! आपल्या हिंदू बांधवांच्या या कथेतली नम्रता आपणही मनावर घ्यावी अशी आहे.

मग यंत्र खोटे आहे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मोटारीला किंवा मोबाइलला वाट दाखवणारे जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की त्यांच्या वेळेतील फरकावरून आपण कुठे आहोत हे यंत्र ठरवते. पूर्वी अमेरिकेने सामान्य लोकांच्या संदेशात मुद्दाम चूक ठेवलेली होती. ती मे २००० मध्ये, आपण महाज्युबिली वर्ष साजरे करीत असताना, काढून टाकण्यात आली. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलही चार-पाच मीटरच्या फरकाने आपली जागा सांगतो. त्या रात्रीही आम्ही कुठे उभे आहोत हे त्याने बरोबरच सांगितले होते. पण आपण कुठे आहोत हे सांगणे वेगळे, आणि पुढची वाट चालण्याजोगी आहे की नाही हे सांगणे वेगळे. पहिली गोष्ट उपग्रहाची, दुसरी नकाशाची. नकाशा माणसांनी केव्हातरी केलेला असतो. शिवरस्त्यावर चिखल झाला, चारीला पाणी सुटले, हे आकाशातून कळत नाही. ते टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट ऐकण्याजोगी आहे. त्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दररोज सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे ३८ भाग पुढे जातात. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांतानुसार तसे होणारच. एवढासा फरक! पण तो जमेस धरला नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून अधिक चूक साचेल. म्हणून तो आधीच जमेस धरलेला असतो आणि शिवाय जमिनीवरील केंद्रांतून घड्याळांना वरचेवर दुरुस्ती पाठवली जाते. इतक्या उंचावरच्या घड्याळांना दुरुस्ती लागते, तर आपल्या विवेकबुद्धीला लागणार नाही का? रात्री अंथरुणावर पाठ टेकण्यापूर्वी दोन मिनिटे आत्मपरीक्षण करणे आणि वेळोवेळी प्रायश्चित्त संस्कार घेणे, ही आपली दुरुस्ती आहे. रोजची छोटी चूक साचू दिली की माणूस कुठल्या कुठे जातो.

कधी कधी तर यंत्राची काहीच चूक नसते. पत्ताच आपण चुकीचा दिलेला असतो. २००९ साली स्वीडनमधील एक दांपत्य इटलीतील काप्री या निसर्गरम्य बेटावर निघाले होते. नाव टाकताना दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते शेकडो किलोमीटर दूर, उत्तरेकडील कार्पी या औद्योगिक गावात पोहोचले. काप्री बेट आहे, वाटेत समुद्र लागायला हवा होता, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. हसू येते खरे. पण आपण आयुष्याच्या यंत्रात कोणते नाव टाकले आहे? देवाचे राज्य, की नुसता पैसा आणि मान? यंत्र निमूटपणे तिकडेच नेते. वाटेत प्रार्थना लागत नाही, शेजारी लागत नाही, रविवारची मिस्सा लागत नाही. तरी आपल्याला संशय येत नाही.

बंधुभगिनींनो, आता एक दुःखद घटना आठवू या. जानेवारी २०२१ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात, पुण्याहून कळसूबाईकडे निघालेले तिघे जण रात्रीच्या वेळी मोबाइलवरील नकाशाच्या आधाराने अकोले तालुक्यात कोतूळजवळ आले. तिथला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली गेला होता. नकाशात रस्ता सरळ होता. अंधारात मोटार पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, एकाचा जीव गेला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे दगावले. पुलाचा काही भाग आधीच पुरात वाहून गेला होता, नकाशात तो शाबूत होता.

कोतूळची बातमी वाचताना एका वाक्याने आम्हाला बेचैन केले. तो पूल पाण्याखाली जातो हे आसपासच्या लोकांना माहीत होते, पण वाटसरूला सांगणारा फलक तिथे नव्हता. गावाला माहीत, परक्याला नाही. ज्याला माहीत आहे तो घरी झोपलेला, आणि ज्याला माहीत नाही तो पाण्याकडे चाललेला.

यहेज्केल संदेष्ट्याच्या तेहतिसाव्या अध्यायात परमेश्वर पहारेकऱ्याविषयी बोलतो. तलवार येताना पाहूनही पहारेकऱ्याने शिंग फुंकले नाही आणि माणूस मेला, तर त्याच्या रक्ताचा जाब पहारेकऱ्याला द्यावा लागेल, असे तो बजावतो. आपणही असे पहारेकरी आहोत. आपल्या गल्लीत कोणता पूल पाण्याखाली आहे हे आपल्याला ठाऊक असते. कुणाचा मुलगा मोबाइलवरच्या पैशाच्या खेळात बुडतो आहे, कोण चोरून सावकाराच्या दारी चालला आहे, कुणाच्या घरात दारूपायी लेकरे उपाशी झोपतात, कोणत्या शेतकरी भावाने महिनाभर कुणाशी बोलणे टाकले आहे, हे आपल्याला दिसते. आपण चहाच्या टपरीवर त्यावर बोलतो. त्याच्याशी मात्र बोलत नाही. आपल्याला काय करायचे, म्हणतो. मग एके दिवशी बातमी येते आणि आपण म्हणतो, आम्हाला वाटलेच होते!

हेरोदाच्या दरबारातले शास्त्री असेच होते. बेथलेहेमची वाट त्यांना अचूक माहीत होती. ती त्यांनी सांगितली, पण स्वतः तीन कोस चालून गेले नाहीत. वाट माहीत असणे म्हणजे पोहोचणे नव्हे. बायबल घरात असणे, प्रवचन पाठ असणे, यानेही आपण पोहोचत नाही.

म्हणून या सणाच्या निमित्ताने आम्ही दोन विनंत्या करतो. पहिली अगदी साधी. आपल्या वस्तीकडे वळणाऱ्या फाट्यावर एक पाटी लावा. पावसाळ्यात बंद होणाऱ्या शिवरस्त्यावर तसे ठळक अक्षरांत लिहा. लहान ख्रिस्ती समूहांनी आणि युवकांनी मिळून हे केले, तर एका सुट्टीचे काम आहे. शिर्डीला निघालेली, समृद्धी महामार्गावरून उतरलेली परगावची वाहने आपल्या शिवारात वाट चुकतात. त्यांतला कुणी कोणत्या धर्माचा आहे हे पाटी विचारत नाही. आणि रात्री धर्मगुरूला किंवा डॉक्टरला बोलावले, तर घरातला एक जण फाट्यावर उभा करा.

दुसरी विनंती जड आहे. या आठवड्यात एका माणसाशी बोला. ज्याच्या वाटेवर पाणी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याच्याजवळ एकांतात बसा. उपदेश नको, दोष देणे नको. नातू जसा चारीला वळसा घालून आमच्यापर्यंत आला, तसे जा आणि हात धरून आणा. आणि तुम्ही स्वतःच रुतला असाल, तर काच खाली करा आणि विचारा. त्यात कमीपणा नाही.

यंत्राची एक सवय आम्हाला आवडते. आपण वळण चुकलो की ते रागावत नाही, मागच्या चुका काढत नाही. जिथे आहोत तिथूनच नवी वाट शोधते. ज्ञानी लोकही बाळाचे दर्शन घेतल्यावर आल्या वाटेने परतले नाहीत. देवाने स्वप्नात सावध केल्यावर ते हेरोदाला टाळून दुसऱ्या वाटेने स्वदेशी गेले. प्रभूला भेटलेला माणूस जुन्या वाटेने परत जात नाही.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तूच मार्ग आहेस. आम्ही कुठे उभे आहोत हे आम्हाला दाखव. विचारण्याची नम्रता दे, सांगण्याचे धैर्य दे. आमच्या गावातला कुणीही आमच्या मौनामुळे बुडू नये. वाटेवर ज्यांचे प्राण गेले त्यांना तुझ्या घरी विसावा दे. आमेन.