जखम पायाला, दोष जमिनीचा



आपल्या शरीराच्या सर्व अवयवांमध्ये पायांच्या वाट्याला सर्वांत कमी लक्ष येते. आरशात आपण चेहरा पाहतो, केस विंचरतो. पाय मात्र काटा रुतला किंवा टाचेची भेग रक्ताळली की मगच आठवतात. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री या दुर्लक्षित पायांकडेच लक्ष दिले. तो मेजावरून उठला, कमरेला रुमाल गुंडाळला आणि खाली बसून त्याने शिष्यांचे पाय धुतले. गुरूने इतके खाली यावे हे पेत्राला पटेना. दरवर्षी पवित्र गुरुवारी आपण तो विधी पाहतो आणि घरी जातो. त्याचा अर्थ घरात कसा जगायचा, हे आज एका अगदी लहानशा प्राण्याच्या निमित्ताने पाहू या.

मध्यंतरी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर एक मुलगी थांबली आणि तिने विचारले, "फादर, गिनी पिगसाठी प्रार्थना केली तर चालते का?" तिच्या घरी एक गिनी पिग आहे. मोठा खेळकर. भाजीची पिशवी वाजली की शीळ घालतो, आनंद झाला की चारही पाय उचलून जागच्या जागी उड्या मारतो. नखे कापताना तिला दिसले की मागच्या पायाचा तळवा लाल झाला आहे, सुजला आहे आणि मधोमध खपली धरली आहे. घरात सांगितले तर एक जण म्हणाला, "उड्या मारतोय ना? मग काय झालंय त्याला!" दुसरा म्हणाला, "मेला तर दुसरा आणू." हे दुसरे वाक्य तिला लागले होते. तिचा प्रश्न वरवर प्रार्थनेचा होता. खरा प्रश्न असा होता, की एवढ्याशा जिवाचे दुखणे देवाच्या हिशेबात धरले जाते का?

बंधु-भगिनींनो, धरले जाते. बाजारात अगदी क्षुल्लक किमतीला विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचाही स्वर्गीय पित्याला विसर पडत नाही, असे प्रभूने शिकवले. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाचीही काळजी घेतो, असे नीतिसूत्रांचा ग्रंथ सांगतो. टोबितच्या ग्रंथात तरुण टोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा देवदूताबरोबर घरचा कुत्राही चालू लागतो. कथेत त्या कुत्र्याला काहीच काम नाही. तरीही पवित्र ग्रंथाने त्याची आठवण ठेवली.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. पेरू देशातील कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस झापाता या चित्रकाराचे १७५३ सालचे शेवटच्या भोजनाचे चित्र आहे. त्यात प्रभूसमोरच्या ताटात जो प्राणी आहे तो गिनी पिग म्हणून ओळखला जातो, कारण तेथील लोकांचे सणाचे जेवण तेच. त्यांच्याकडे तो अन्न आहे, आपल्याकडे तो पाहुणा आहे. पण ज्याला आपण पिंजऱ्यात ठेवले त्याचे अन्न, पाणी आणि पायाखालची जमीन हे सारे आपल्याच हातात आले. तो स्वतः त्यातले काहीही बदलू शकत नाही. म्हणून त्याची जबाबदारी आपली.

त्याची घडण नीट समजून घेण्यासारखी आहे. त्याच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे असतात. तळव्यावर केस नसतात, कातडी नाजूक असते. मऊ मातीवर आणि गवतावर चालण्यासाठी निर्माण झालेला हा पाय आपण तारेच्या जाळीवर ठेवतो. जाळी रुतते. खाली लघवीने ओला झालेला कागद दोन-दोन दिवस तसाच राहतो. खाणे भरपूर आणि फिरणे कमी, म्हणून वजन वाढते. नखे वाढून वळतात आणि पाय तिरका पडतो. मग तळव्याला बारीकशी चीर पडते, तिच्यातून जंतू आत शिरतात आणि सूज येते. दुर्लक्ष झाले तर हा संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो.

आणखी एक गोष्ट. माणसाप्रमाणेच गिनी पिगचे शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेमधील होल्स्ट आणि फ्रोलिख या दोन संशोधकांना गिनी पिगमध्येही माणसासारखाच स्कर्व्ही रोग आढळला आणि त्या रोगाचे कोडे सुटायला मदत झाली. हे जीवनसत्त्व कमी पडले की सांधे दुखतात आणि जखम भरत नाही. त्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागते. ते मिळणे कठीण नाही. सुक्या गवताबरोबर रोज ढोबळी मिरचीची फोड, थोडी कोथिंबीर, अधूनमधून पेरूचा लहानसा तुकडा, एवढे पुरते.

तेव्हा नुसते मलम लावून काय होणार? जखम पायाला आहे, पण दोष जमिनीचा आहे. मलम लावून त्याला पुन्हा त्याच जाळीवर सोडले, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत व्हायची. जाळी काढून सपाट तळ घालावा, त्यावर जाड सुती कापड अंथरावे, ओले झालेले त्याच दिवशी बदलावे, पिंजऱ्याबाहेर फिरू द्यावे, आठवड्यातून एकदा वजन करावे आणि त्याच वेळी चारही तळवे उलटे करून पाहावेत. सूज किंवा खपली दिसली तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. घरातल्या माणसांची उरलेली औषधे कधीही देऊ नयेत. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिनसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास या प्राण्याच्या पोटातील उपयोगी जंतू मरतात आणि तो दगावू शकतो.

त्या मुलीला मी सांगितले, "बाळा, प्रार्थना जरूर कर. आणि आमेन म्हटल्यावर पिंजरा धू." तिने दोन्ही केले. डॉक्टरांना दाखवले, तळ बदलला. खपली अजून पूर्ण गेलेली नाही, कारण या दुखण्याला आठवडे, कधी महिनेही लागतात. पण सूज उतरली आहे.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "फादर, माणसांना औषधाला पैसे नाहीत आणि तुम्ही गिनी पिगचे काय घेऊन बसलात?" हा प्रश्न रास्त आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि जो पैसा आधी माणसाच्या दुःखनिवारणाला जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. पण वरची यादी पुन्हा वाचा. डॉक्टरांची फी सोडली तर त्यात पैशाचे असे किती आहे? जुने कापड, कोथिंबिरीच्या चार काड्या, दहा मिनिटे. खर्च होते ते आपले लक्ष. आणि लक्ष ही अशी ठेव आहे की ती एका जिवावर खर्च केल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. उलट पाहण्याची सवय लागते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही देकार्तचे मत अभ्यासले होते. प्राणी म्हणजे घड्याळासारखे यंत्र, असे या सतराव्या शतकातल्या विचारवंताचे म्हणणे. त्याच्या चारशे वर्षे आधी संत थॉमस अक्विनास यांनी प्राण्यांनाही जाणीव असलेला जीव आहे असे मांडले आणि बजावले, की जो प्राण्यांशी क्रूर वागतो तो पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला. हृदय एकच असते. एका जिवाला "मेला तर दुसरा आणू" म्हणणारे हृदय उद्या कामावरच्या गड्यालाही तेच म्हणेल.

आणि म्हणूनच विषय पिंजऱ्यापाशी थांबत नाही. शिकार होणारा प्राणी दुखणे लपवतो, कारण रानात दुबळा दिसला की संपला. आपल्या घरातही असे जीव आहेत. मधुमेह झालेली आजी ओट्यावर बसून सगळ्यांशी हसते-बोलते. तिच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. खडा रुतला, फोड आला तरी तिला कळत नाही आणि कळले तरी पोरांना कशाला त्रास, म्हणून ती गप्प राहते. रात्रपाळी करून आलेला मुलगा थट्टामस्करी करतो. सून हसतमुखाने सगळ्यांना वाढते. "उड्या मारतोय ना, मग काय झालंय त्याला!" हेच आपण त्यांच्याबाबतही म्हणतो. त्यांचा तळवा आपण उलटा करून पाहिलेला नसतो.

पाहिलाच, तर आपण मलम लावतो. रुसलेल्या सुनेला साडी, चिडचिड्या मुलाला नवा मोबाईल, एकट्या पडलेल्या वडिलांना औषधाची नवी बाटली. पण ज्या जमिनीवर ते रोज उभे आहेत ती तशीच राहते. रोजचे टोमणे, न संपणारे काम, कुणी दोन शब्द न बोलणे, ही तारेची जाळी आहे. ती बदलल्याशिवाय जखम भरणार नाही. आणि बदलणे त्यांच्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे.

४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. त्याने सृष्टीला भाऊबहीण मानले आणि महारोग्यांचीही सेवा केली. दोन्ही प्रेमे त्याच्या एकाच हृदयात होती. या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. घरात मुका जीव असेल तर त्याचा पिंजरा, गोठा किंवा खुराडे स्वतःच्या हातांनी साफ करू या. आणि घरातील वडीलधाऱ्यांचे पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे पुसून, तळवे नीट पाहू या. त्यासाठी पवित्र गुरुवारची वाट पाहायला नको.

हे प्रभो, तू आमच्या पायांपाशी बसलास. जे बोलू शकत नाहीत आणि जे बोलत नाहीत, त्यांचे दुखणे पाहण्याची दृष्टी आम्हांला दे. त्यांच्या पायाखालची जमीन मऊ करण्यासाठी आमचे हात वापर. आमेन.

आपला धर्मगुरू