सरलेली आवड

सन 2024 च्या दिवाळीपासून आमच्या हातून एक लहानसे असत्य घडत आले. कचेरीत आम्ही कधी खोटे बोलत नाही असे नव्हे. पण तेथले असत्य फाइलीत मुरते आणि फाइलीबरोबरच कपाटात जाऊन पडते. हे असत्य मात्र दर रविवारी रात्री फोनवर, सख्ख्या धाकट्या भावाशी बोलावे लागे. तो पुण्याहून विचारी, "दादा, कुठवर आलास?" आणि दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात बसून आम्ही सांगत असू, "चाललंय हळूहळू."

गोष्ट एका व्हिडिओ गेमची आहे. एवढ्यावरून वयस्क वाचकांनी पान उलटू नये. त्यांनी ऐन विशीत ज्या कादंबरीकारासाठी रात्री जागविल्या, त्याची पुस्तके आज त्यांच्याच कपाटात धूळ खात असतील, तर प्रश्न त्यांचाही आहे. ज्याच्यावर एके काळी जीव जडला, त्यातून मन निघून गेले, तर त्यात आपला काही अपराध असतो काय?

'प्रिन्स ऑफ पर्शिया' ही खेळांची मालिका जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने 1989 साली सुरू केली. राजपुत्राचे धावणे-उड्या मारणे खरे वाटावे म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पळावयास लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक आकृती रेखाटली. आमची भेट झाली ती पुढच्या, 2003 सालच्या 'द सँड्स ऑफ टाइम' या भागाशी. वडिलांनी अभ्यासासाठी म्हणून घेतलेला संगणक साताऱ्याच्या घरात नुकताच आला होता आणि मित्राकडून तबकडी आली होती. (तिची विकत घेतलेली प्रत आमच्या आळीत कोणी पाहिली असेल असे वाटत नाही, तो अपराध वेगळा.)

त्या राजपुत्राजवळ एक खंजीर असे. उडी चुकून तो दरीत कोसळला, की खंजिरातली वाळू खर्च करून काही क्षण मागे नेता येत आणि कड्यावर पुन्हा उभे राहता येई. वाळू संपली असेल तर मात्र इलाज नसे. मग गोष्ट सांगणारा राजपुत्र स्वतःच म्हणे की नाही, हे असे घडले नव्हते, आणि कथा पुन्हा मागून सुरू होई. कळा आम्ही दाबीत असू. भाऊ शेजारच्या स्टुलावर बसून भिंतींतून बाहेर येणारी पाती आधीच ओळखून ओरडे. त्याचे वय तेव्हा दहा होते.

शेवटी राजपुत्र सारा काळच मागे नेतो आणि फाराह ही हिंदुस्थानच्या महाराजाची कन्या त्याला ओळखीनाशी होते. दोघांनी सोसलेले सारे एकट्या त्याच्यापाशी उरते. लहानपणी आईने शिकविलेला एक गुप्त शब्द तिने त्याला सांगितलेला असतो, तेवढाच तो जाताना तिला ऐकवितो: काकोलूकीयम्! संगणकातून हा शब्द आला तेव्हा पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणारे आमचे वडील उठून दारात आले. "अरे, हे तर पंचतंत्रातलं तिसरं तंत्र!" म्हणाले. त्या खेळाविषयी त्यांनी काढलेला हा एकमेव चांगला उद्गार.

असा लोभ जडलेला असताना तो सुटला कसा? लोक म्हणतात, वय झाले. हे उत्तर आम्हांस पटत नाही. आमच्या विभागातले एक सेवानिवृत्त गृहस्थ साठी उलटल्यावरही बुद्धिबळासमोर जेवण विसरतात. दुसरे उत्तर असे, की मालिकाच बिघडली. त्यात तथ्य आहे. 2004 च्या भागात तोच राजपुत्र उग्र, रक्तपिपासू झाला आणि पार्श्वसंगीत कर्कश. ते वळण स्वतः मेकनरलाही रुचले नव्हते. 2008 च्या भागात तर नायकाला मरणच उरले नाही. तो पडला की सोबतीण हात देऊन वर ओढून घेई. पडण्याचे भय गेले तेव्हा उडीतला अर्थही गेला असे आम्ही वसतिगृहात तावातावाने सांगत असू. पण सांगत होतो, भांडत होतो, म्हणजे तेव्हा आवड जिवंत होती! बिघडलेल्या वस्तूवर माणूस रागावतो. आवड सरली की राग येत नाही.

भावाने दिवाळीला भेट पाठविला तो 'द लॉस्ट क्राउन' हा 2024 सालचा भाग. तो सर्वांनी वाखाणला आहे आणि आम्हांलाही त्यात नाव ठेवण्यासारखे काही दिसले नाही. परत कोठे यावयाचे ते विसरू नये म्हणून त्यात समोरच्या दृश्याची प्रतिमा नकाशावर टाचून ठेवता येते. तिला 'स्मृतीचा तुकडा' अशा अर्थाचे नाव आहे. इतकी रम्य सोय पाहूनही मन हलले नाही. (ज्या मंडळींनी तो घडविला त्यांना कंपनीने त्याच वर्षी इतर कामांवर पाठविले असे वाचले, तेव्हा मात्र हलले. बदली म्हटली की आम्हां लोकांना परका कोणी वाटत नाही.)

आम्ही मनाची समजूत घातली, की प्रेम खेळावर नव्हतेच, ते शेजारच्या स्टुलावरल्या मुलावर होते. समजूत गोड आहे, पण खरी नाही. वसतिगृहात एकट्यानेही आम्ही तितक्याच गोडीने खेळलो होतो. आवड खेळाचीच होती, आणि कोणाच्याही दोषावाचून ती सरली. तिच्याशी एकनिष्ठ राहण्याचे कर्तव्य आम्हांस मान्य नाही, कारण आज्ञेने रुची उत्पन्न होत नाही. तथापि त्या आवडीच्या आधारावर दुसरे एक माणूस अजून उभे असेल, तर त्याचे देणे उरतेच, आणि ते आम्ही 'हळूहळू' या शब्दाने फेडीत होतो. खरे बोललो तर त्याच्या आणि आमच्यामध्ये बोलावयास उरते काय, ही धास्ती त्यामागे होती. वडील गेल्यापासून साताऱ्याचे घर बंद आहे; आमचे सामाईक म्हणण्यासारखे जे काही होते ते या राजपुत्रापाशीच होते.

परवा रजेवर पुण्याला गेलो तेव्हा जेवणानंतर धीर करून त्याला सांगितले. तो बडीशेप चघळीत म्हणाला, "माहीत आहे मला."

ज्या 'स्टीम' नामक दुकानातून त्याने तो खेळ पाठविला होता, तेथे मित्राने कोणता खेळ किती वेळ खेळला याची नोंद दिसते. आयुष्यभर नोंदवह्या सांभाळणाऱ्या आम्हां कारकुनाला हे सुचले नव्हते. आमच्या नावापुढे चाळीस मिनिटे होती. पहिल्या भागात राजकन्येला सोडविण्याची मुदतदेखील साठ मिनिटांची असे!

"मग दर रविवारी विचारीत का होतास?"

त्याने लगेच उत्तर दिले नाही. उठून पाण्याचा तांब्या भरून आणला, मग म्हणाला, "तू सांगत होतास म्हणून."