पुरलं म्हणून उरलं

जुनी शहरं जमिनीखाली कशी जातात? खरं तर शहर खाली जात नाही, जमीन वर येते. मातीच्या भिंती पावसाळ्यांत ढासळतात. तो ढिगारा उचलून लांब कोण नेणार? तो सपाट करून त्यावरच नवं घर उभं राहतं. त्यात चुलीची राख, फुटकी मडकी, कचरा, नदीचा गाळ. शेकडो वर्षांत टेकाड होतं. आपल्याकडे गावठाणाला 'पांढर' आणि शेताला 'काळी' म्हणतात ते उगाच नाही. पिढ्यांच्या भिंती आणि राख मिसळून ती माती पांढुरकी होते. शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने अशाच टेकाडांतून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं बाहेर काढली.

पण यात एक गोम आहे. जे उघड्यावर राहिलं ते आपण वापरून टाकलं. हडप्पाच्या भाजक्या विटा एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली भर म्हणून गेल्या. उरलं ते हाताला न लागलेलं. म्हणजे आपला 'इतिहास' बराचसा विस्मरणाने सांभाळलाय, आदराने नाही.

मग आता तो उकरून काढायचा हक्क आपल्याला आहे का? खोदकाम म्हणजे वाचता वाचताच पुसली जाणारी फाइल. बॅकअप नाही. एक थर एकदाच खोदता येतो. १९२२ मध्ये मोहेंजोदडोचं खोदकाम सुरू झालं. हजारो वर्षं मातीत टिकलेल्या विटा उघड्यावर आल्या आणि क्षार त्यांना आतून फोडू लागले. जमिनीतलं खारं पाणी विटांत चढतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात, वीट भुगा होते. उघडे भाग पुन्हा मातीने झाकावेत, असंही तज्ज्ञांनी सुचवलंय.

माझं मत: थोडं खोदावं, बरंच सोडावं. कार्बन-१४ पद्धत १९४० च्या दशकाच्या शेवटी आली. त्याआधी खोदणाऱ्यांनी फेकलेल्या कोळशातून आज कितीतरी कळलं असतं. आपणही काय फेकतोय, ते आपल्याला दिसत नाहीच.

फक्त, 'सोडावं' म्हणणं मला फुकट पडतं. ज्याच्या शेतात ते टेकाड आहे त्याला ते सपाट करून विहिरीचं पाणी फिरवायचंय, आणि तिथली पांढरी माती शेताला खत म्हणून चालते, हे त्याच्या आजोबांपासून ठाऊक आहे. चार हजार वर्षांनंतरच्या वाचकासाठी त्याने यंदाचं पीक का सोडावं, हे त्याला जाऊन कोण सांगणार? आणि सांगणाऱ्याने त्याला बदल्यात काय द्यायचं?